जरा छानसा वॉल्ट्झ

बॅलेच्या बाई मुलींना पुढचा व्यायाम सांगतात, सांगून झाला की पियानोच्या दिशेनं मान अर्धीच वळवतात आणि म्हणतात, "जरा छानसा वॉल्ट्झ, प्लीज." एवढ्या सूचनेवर मला चार-पाच सेकंदांत सुरुवात करायची असते. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रा, हे कुणीही सांगेल. पण एका पायावर उभं राहून दुसरा पाय जमिनीवरून गोल फिरवायचा असतो, ज्याला रों द जांब म्हणतात, तेव्हा लागतो तो वॉल्ट्झ कुठेही कोपरा नसलेला. एका पायावरून दुसऱ्यावर झुलायचं तर पहिल्या मात्रेत वजन हवं. गिरकीला मात्रा टोकदार हवी, म्हणजे डोकं झटकन पुन्हा समोर येतं. आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत जायचं असेल, तर सगळा वॉल्ट्झच छाती भरून घेतलेला हवा. यांतला कुठला हवा, ते बाई सांगत नाहीत. ते त्यांच्या मनगटात असतं.

बॅलेची माणसं पायांचं काम हातांनी दाखवतात. दिवसभर शिकवायचं, तर समजावताना प्रत्येक वेळी पाय कोण उचलणार? म्हणून दोन तळहात म्हणजे दोन पावलं. तळहात पुढे सरकला की तांद्यू, मनगटं खाली गेली की प्लिए, बोटं फडफडली की बारीक उड्या. दारातून पाहणाऱ्याला वाटावं, बाई अदृश्य माणसाशी खुणांनी भांडताहेत. मी त्या हातांवर डोळे लावून बसतो. तोंडावर नाही. कारण हात चालू असतानाच बाई "या-पाम-पाम" असं गुणगुणतही असतात, आणि गुणगुणण्याची लय आणि हातांची लय यांचं एकमेकींशी पटतंच असं नाही. गुणगुणणाऱ्याला मधे श्वास घ्यावा लागतो, एखादीला "खांदे खाली!" असं सांगावं लागतं, त्यामुळे ती लय मागे रेंगाळते. वाद झाला की मी हातांच्या बाजूनं असतो.

हे काम मी इंग्लंडातल्या एका गावात करतो. पियानो उभा, भिंतीला टेकवलेला, वरचे दोन सूर कायमचे रुसलेले. त्याच्या डोक्यावर पाण्याच्या बाटल्या, लोकरी पायमोजे, केसांच्या पिनांचा डबा. पियानो भिंतीला म्हणजे माझी पाठ वर्गाला, म्हणून मी शेजारच्या मोठ्या आरशात बघून वाजवतो. कित्येक मुलींचे डावे पाय मला उजवे म्हणूनच ठाऊक आहेत.

पुण्यात असताना मी पेटीवर लेहरा धरायला बसत असे. रोहिणी भाट्यांनी 1947 साली नृत्यभारती काढली तेव्हापासून कथ्थक हे पुण्याच्या हवेतच आहे, आणि जिथे कथ्थक तिथे लेहरेवाला लागतोच. लेहरा म्हणजे एका आवर्तनाची सुरावट, सोळा मात्रांची असली तर सोळा, आणि तीच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. नर्तकी तुकडे, तिहाया, परणी सगळं त्या एका सुरावटीवर मोजून सम गाठते. लेहरेवाल्यानं स्वतःची अक्कल चालवायची नाही. त्यानं घड्याळ व्हायचं. इथे आल्यावर मला वाटलं, बॅले आठांत मोजतात, दोन आठ म्हणजे आपला तीनतालच की! हिशोब बरोबर होता. फक्त त्यापुढचं सगळं उलटं निघालं. लेहऱ्यात सुरावट जागची हलत नाही आणि नर्तकी तिच्याभोवती हिशोब मांडते. बॅलेच्या वर्गात व्यायाम ठरलेले, त्यांचा क्रमही जगभर जवळजवळ एकच, आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदलायचं असतं ते पियानोवाल्यानं. तेही असं, की बदललेलं गाणं पायांना आधीपासून माहीत होतं असं वाटावं.

पहिला अर्धा वर्ग भिंतीलगतच्या लाकडी दांड्याला, म्हणजे बारला, धरून. सुरुवात प्लिएनं: गुडघे हळू वाकवायचे, हळू सरळ करायचे. इथे संगीतानं तळाशी बसकण मारायची नाही, नाहीतर गुडघेही बसतात. मग तांद्यू, पाऊल जमिनीला घासत पुढे न्यायचं आणि आणायचं. हे दिसायला सगळ्यांत साधं, पण वाजवणाऱ्याला अवघड. कारण पाऊल पहिल्या मात्रेवर बाहेर जायचं की पहिल्या मात्रेवर आत परत यायचं, यावर सगळं अवलंबून. परत यायचं असेल तर ते आधीच, मागच्या मात्रेच्या पोटात, निघालेलं असतं. बाई नुसतं "जोर आत" म्हणतात, आणि माझ्या डाव्या हाताला जड मात्रेची जागा बदलावी लागते. मग फोंद्यू, विरघळल्यासारखं वाकणं आणि उलगडणं, ज्याला टँगो फार मानवतो. फ्रापेला पोल्का, कारण पाऊल तिथे चापट मारून जातं. शेवटी ग्राँ बातमाँ, म्हणजे पाय ताठ ठेवून थेट वर फेकायचा, त्याला मार्च किंवा पोलोनेज. सगळं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. आधी चार मात्रांची पूर्वतयारी, शेवटी दोन ठाशीव स्वरसंघात, आणि या दोन टोकांमध्ये चार आठ किंवा आठ आठ. त्यात एक मात्रा कमी नाही की जास्त नाही.

हा "आठ" फसवा आहे. वॉल्ट्झमध्ये नर्तकीचा "एक" म्हणजे माझ्या तीन मात्रा. सावकाश अदाजमध्ये माझी एक मात्रा म्हणजे तिचा एक. बाईंनी "दोन आठ" म्हटलं तर माझ्या कागदावर सोळा मापं असतील किंवा चार. त्यावरून संगीताची आणि नाचाची माणसं शतकानुशतकं भांडत आली आहेत. याची सगळ्यांत मोठी जाहीर प्रचिती पॅरिसला 29 मे 1913 रोजी आली. स्त्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'चा पहिला प्रयोग. प्रेक्षागृहात इतका गोंधळ की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना. नाच बसवणारा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर चढून आकडे ओरडत होता. ते ओरडणं रशियनमध्ये, आणि रशियनमध्ये दहाच्या पुढचे आकडे इतके लांबलचक आहेत की "सतरा" म्हणेपर्यंत अठरावी मात्रा निघून जाते. हे गाऱ्हाणं खुद्द स्त्राविन्स्कीनं पुढे नोंदवून ठेवलं आहे. निजिन्स्कीला पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, शिकवायला कुणी कथ्थकवाला भेटायला हवा होता. 'तिगदा दिगदिग' मध्ये सतराच काय, सत्तरही मावले असते.

पियानो या वर्गात तसा उशिराच आला. चौदाव्या लुईनं 1661 मध्ये पॅरिसला नृत्याची राजेशाही अकादमी स्थापन केली, आणि आज माझ्या गावातल्या सहा वर्षांच्या मुलींनाही फ्रेंच बोलावं लागतं ते त्याच्या कृपेनं. त्या काळापासून पुढे बराच काळ नाच शिकवणारे मास्तर स्वतःच व्हायोलिन वाजवत. कोटाच्या खिशात मावेल असं चिमुकलं व्हायोलिन खास त्यांच्यासाठी बनायचं. चित्रकार दगाच्या चित्रांत मुली कठड्याशी उभ्या असतात, कुणी पाठ खाजवत असते, आणि कडेला एक म्हातारा व्हायोलिनवाला असतो. मला त्या चित्रांत नेहमी तोच आधी दिसतो. पुढे दियागिलेव्हच्या बॅले कंपनीला शिकवणाऱ्या एन्रिको चेकेत्तीनं आठवड्याचे सहा वार सहा ठरलेल्या वर्गांत वाटून दिले होते आणि शीळ घालत, हातातल्या काठीनं ताल धरत तो शिकवी. गुरू आणि साथीदार एकच माणूस, ही व्यवस्था मला हेव्याची वाटते. स्वतःच्या मनगटात काय आहे, ते स्वतःला तर कळतं. त्या काळाची एक खूण मात्र उरली आहे. कोपऱ्यातल्या खोक्यात राळेची पूड असते. मुली तिच्यात बूट घासतात, पाय घसरू नये म्हणून. तीच राळ व्हायोलिनवाला गजाला लावतो.

आता परीक्षेचं सांगतो. मोठे मोठे संगीतकार या वर्गात परीक्षेला बसतात, आणि तपासणारे गुडघे कुणाची पुण्याई बघत नाहीत.

शोपँ पहिल्या पेपरातच अडकतो. त्याचे वॉल्ट्झ नाचण्यासाठी लिहिलेलेच नाहीत. तो मात्रा ताणतो, मग घाईनं भरून काढतो, आणि ज्या मुलीचा पाय त्या ताणलेल्या मात्रेवर कमरेइतका उंच असतो तिच्या चेहऱ्यावर शोपँबद्दलचं मत स्पष्ट वाचता येतं. पण गंमत अशी की ए मेजरमधलं त्याचं छोटं प्रेल्यूड बरोबर सोळा मापांचं आहे, दोन आठ, जणू कुणी वर्गासाठी मागवून घेतलेलं. नृत्यरचनाकार फोकीननं ते 'ले सिल्फीद' या बॅलेत वापरलं, पॅरिसला 1909 मध्ये. शिवाय त्याचं लष्करी थाटाचं पोलोनेज ग्राँ बातमाँला इतकं चपखल बसतं की मुलींचे पाय आपोआप वर जातात. म्हणून शोपँला मी एटीकेटी देतो.

ब्राम्स नापास. तीन मात्रांच्या दोन मापांना दोन-दोनच्या तीन गटांत फिरवून टाकण्याची त्याला फार हौस. मैफलीत ऐकताना ही लपाछपी सुंदर. बारशी उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीची मात्र समच हरवते. आपल्याकडे नर्तकीनं लयीशी असे खेळ करावेत आणि साथीनं ढळू नये. इथे साथीनं खेळ केले तर नर्तकी कठडा धरते.

शुबर्ट पहिल्या वर्गात पास होतो, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. तो आमच्यातलाच. व्हिएन्नात मित्रमंडळी जमली की तो पियानोला बसायचा आणि बाकीचे नाचायचे. त्या बैठकांमधून त्याचे शेकडो लहान लहान नाच निघाले. ते आठ-आठ, सोळा-सोळा मापांचे, हवे तितके जोडावेत, नको तिथे सोडावेत. त्याच्या मोठ्या सोनाटांवर लोक ग्रंथ लिहितात. मी त्याच्या या चिटुकल्या वॉल्ट्झांवर पोट भरतो. नाचणाऱ्यांना पाहून वाजवलेलं संगीत कागदावरून कळतं. त्याला खाली बघायची सवय असते.

पण या शाळेतला खरा हुशार विद्यार्थी लुडविग मिंकुस. संगीताचे जाणकार त्याचं नाव काढलं की भुवई उचलतात. 1871 पासून 1886 पर्यंत तो पीटर्सबर्गच्या शाही रंगभूमीचा नेमलेला बॅले-संगीतकार होता. नृत्यरचनाकार पेतिपानं मागावं आणि यानं लिहून द्यावं. चायकोव्हस्कीलाही पेतिपानं इथे इतकी मापं, तिथे अशी लय, अशा तपशिलानं याद्या धाडल्या होत्या. चायकोव्हस्कीनं त्या याद्यांवर चढून 'स्लीपिंग ब्यूटी' आणि 'नटक्रॅकर' उभे केले. मिंकुसनं यादीप्रमाणे माल दिला. पण काय माल! त्याच्या सुरावटीत पाय कुठे टेकायचा हे अंधारात सांगता येतं. त्याचं 'ला बायादेर' 1877 चं. त्यात भारत आहे, देवळातली नर्तकी आहे, फकीर आहेत, भारतीय सूर मात्र औषधालाही नाही. त्यातल्या छायांच्या प्रवेशात पांढऱ्या वेषातल्या नर्तकी उतारावरून एकामागून एक खाली येतात. प्रत्येकीची हालचाल तीच, सुरावटही तीच. शेवटची उतरेपर्यंत चोवीस किंवा बत्तीस जणींसाठी ती संथपणे फिरत राहते. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पेटीवर बसल्याची आठवण झाली. मिंकुसनं पीटर्सबर्गमध्ये बसून चक्क लेहरा लिहिला होता. एवढा एकच भारतीय गुण त्या बॅलेत, आणि तो त्याच्याही नकळत.

पाच मात्रांचं काही वर्गात आणायचं नाही, हा अलिखित नियम. 'टेक फाइव्ह' वाजवण्याचा मोह प्रत्येक पियानोवाल्याला होतो आणि प्रत्येक वेळी एकेक पाय वर राहून जातो. चायकोव्हस्कीनं 'स्लीपिंग ब्यूटी'त नीलमण्याचा एक नाच पाच मात्रांत लिहिला. तो बहुतेक वेळा गाळूनच टाकतात.

अर्थात मिंकुस पास झाला म्हणून त्याला रोज वर्गात बसवायचं नाही. काल रात्री जिनं रंगमंचावर हंस होऊन घाम गाळला, तिला सकाळी साडेदहाला तांद्यू करताना 'स्वान लेक' ऐकवणं हा छळ आहे. एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेल्या नर्तकीनं मला सांगितलं, की काही सुरावटी ऐकल्या तरी तिच्या पोटऱ्या दुखायला लागतात. म्हणून वर्गातला पियानोवाला इकडून तिकडून गोळा करतो: जॉपलिनचे रॅग, ऑपेरातले दोन कोरस, जुन्या सिनेमांची गाणी, कधी मोबाइलची रिंगटोनसुद्धा. अशा वेळी एखाद्या मुलीच्या ओठाचा कोपरा आरशात हलतो. बाईंना हे आवडत नाही. मला बाईंनी बघेपर्यंत आवडतं.

मग मधला भाग, बार सोडून, आणि शेवटी उड्या. इथे पियानोवाल्याची मनमानी संपते, कारण लय मी ठरवत नाही, बाईही ठरवत नाहीत, पृथ्वी ठरवते. पंधरा सेंटिमीटर वर गेलेलं शरीर सुमारे 0.35 सेकंदांत खाली येतं. साठ सेंटिमीटर जाणारा मुलगा सुमारे 0.7 सेकंद हवेत असतो. उंची चौपट, वेळ दुप्पट. त्यामुळे जो चांगली उडी मारतो त्याला संगीत हळू लागतं. ऐकणाऱ्याला वाटतं उलटं असेल. वर्गात एकच मुलगा असला आणि बाकी मुली, तर पेती आलेग्रोत, म्हणजे छोट्या उड्यांत, त्याला घाई होते आणि ग्राँ आलेग्रोत, म्हणजे मोठ्या उड्यांत, मुली त्याच्यासाठी जमिनीवर थांबतात. चांगल्या बाई म्हणतात, "आता मुलांचा वॉल्ट्झ," आणि मी तोच वॉल्ट्झ अंगानं वाढवतो, डाव्या हातात खालचे सूर भरतो, पहिल्या मात्रेआधी तसूभर थांबतो. ते तसूभर थांबणंच उडीच्या कामाचं. पाय जमीन सोडतात ते "एक"वर नाही, "एक"च्या आधी. "एक"ला ते वर असतात. रेकॉर्डवरचं संगीत हे करू शकत नाही. मुंबईत आणि इतरत्रही अनेक वर्गांना रेकॉर्डच परवडते, आणि त्यावर शिकूनही मुलं पुढे जातात. हे मी माझ्या पोटावर पाय आणून कबूल करतो. पण रेकॉर्डला आरशात दिसत नाही की तिसरी मुलगी आज तोल धरून उभी आहे, आणखी एक आठ देऊन पाहावं.

बाई मधेच हात वर करतात, "थँक्यू." त्या क्षणी थांबायचं. सुरावट संपायला एकच स्वर उरलेला असतो, षड्ज समोर दिसत असतो, आणि तो तिथेच ठेवून बोटं उचलायची. संगीत शिकलेल्या माणसाला हे शारीरिक दुखणं आहे. जॉन केज तरुणपणी सिएटलच्या कॉर्निश स्कूलमध्ये नाचाच्या वर्गांना साथ करत असे. तिथेच एका नर्तकीला आफ्रिकी धाटणीचा तालवाद्यांचा गलबला हवा होता आणि रंगमंचावर वाद्यं ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यानं पियानोच्या तारांमध्ये स्क्रू वगैरे अडकवले आणि एका पियानोचा सगळा तालवाद्यमेळा केला. संगीताच्या इतिहासात हे मोठं पाऊल मानतात. माझा मात्र समज आहे, की कुणी तरी त्याला षड्जाआधी "थँक्यू" म्हटलं असणार.

मध्यंतरी मी एक लहानसं तस्करीचं काम सुरू केलं. भावगीतांतली किती तरी दादऱ्यात असतात. दादऱ्याच्या सहा मात्रा म्हणजे वॉल्ट्झची दोन मापं. डाव्या हाताला 'पूम-चक-चक' दिलं की झालं. भूपातलं एक जुनं गाणं, जे आमच्या घरी मावशी पेटीवर वाजवायची, ते मी रों द जांबला बसवलं. मुलींचे पाय सुरेख फिरले. वर्ग संपल्यावर बाई म्हणाल्या, "तो स्कॉटिश वॉल्ट्झ फार छान होता, उद्याही घ्या." भूपाचे पाच स्वर आणि स्कॉटलंडच्या पुष्कळ लोकगीतांचे पाच स्वर एकच, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्या वहीत आता ते गाणं "स्कॉटिश, डावीकडे किंचित हळू" असं नोंदलेलं आहे.

मावशीला मी फोनवर ते वाजवून दाखवलं.

"हे ऐकायला किती माणसं असतात रे?" तिनं विचारलं.

"ऐकायला कुणी नसतं गं. पाय फिरवत असतात."

"आणि पैसे देतात?"

"देतात."

थोडा वेळ तिकडून आवाज नाही. मग म्हणाली, "देत असतील तर वाजव. पण दुसऱ्या ओळीत गंधारावर थांबायचं असतं, ते तू खाल्लंस."

तिचं म्हणणं अगदी खरं आहे. दुसऱ्या ओळीत गंधारावर थांबायलाच हवं. पण तिथे थांबलो, तर बारशी उभ्या सोळा मुलींचे सोळा पाय मागच्या बाजूला अर्ध्या वर्तुळात अडकतात, आणि बाई हात वर करून म्हणतात, "थँक्यू."